घरातलं सोन्याचं टोल्यांचं घड्याळ: मोडीत देण्याआधी

सांगली, मिरज, तासगाव, इकडे औंध, फलटण, वाई अशा गावांतल्या जुन्या घरांत वाटण्यांच्या वेळी तिजोरीच्या आतल्या खणातून कधीकधी एक जाड, गोल, सोनेरी खिशातलं घड्याळ निघतं. संस्थानी नोकरीतले पणजोबा, वकील आजोबा, हळदीच्या पेठेतले आडते, कुणाचं तरी ते असतं. चालत नाही. चावी हरवलेली असते. घरात कुणीतरी म्हणतं, "बंदच आहे, निदान सोनं तरी येईल," आणि आठवड्याभरात ते सराफ कट्ट्यावर जातं. सांगलीत सराफीची परंपरा १८३२ पासूनची, आणि विटा-खानापूर-आटपाडीचे गलाईवाले तर देशभर सोनं-चांदी गाळतात. आपल्याकडे सोनं गाळायला वेळ लागत नाही. म्हणून ते सराफाच्या काट्यावर जाण्याआधी घरीच काय पाहायचं, कोणत्या क्रमानं पाहायचं, ते इथे लिहितो. अनुभव लागत नाही. एक भिंग, मऊ सुती कापड, चांगला उजेड आणि घाई नसलेली दुपार, एवढं पुरे.

आधी टेबलावर जाड पंचा अंथरा

घड्याळ नेहमी पंच्यावर किंवा टॉवेलवर धरून उघडायचं. उभ्यानं नाही, पलंगावर बसूनही नाही. बॅलन्सच्या, म्हणजे मशीनमधल्या मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या, दांड्याची टोकं केसाइतकी बारीक असतात आणि फरशीवर एकदा पडलं की तीच मोडतात. पंखा बंद ठेवा. हात धुऊन कोरडे करा, कारण घामाचे ठसे स्टीलवर गंज होऊन राहतात.

पुढच्या बाजूला झाकण असेल तर ते वरच्या खुंटीवर दाबून उघडतं. लावताना मात्र फटकन मिटू नका. खुंटी दाबून धरा, झाकण हळूच टेकवा, मग खुंटी सोडा. पिढ्यान्‌पिढ्या टपकन मिटल्यामुळे कितीतरी घड्याळांच्या सोन्याची कड झिजून झाकण आता बसतच नाही. मागचं झाकण उघडायला बिजागरीच्या समोर नखाला अडकेल अशी बारीक चीर असते. तिथे नख लावा, सुरी नाही. आत बहुधा आणखी एक झाकण निघेल, धूळ अडवणारं. त्यावर पुष्कळदा अक्षरं कोरलेली असतात. त्याच्या आत मशीन.

टोल्यांचं आहे का, हे कसं ओळखायचं

साधं खिशातलं घड्याळ आणि टोल्यांचं घड्याळ, ज्याला रिपीटर म्हणतात, यांच्या किमतीत आणि कारागिरीत फार मोठं अंतर आहे. रिपीटर म्हणजे आपण मागू तेव्हा वेळ वाजवून सांगणारं घड्याळ. भिंतीवरच्या घड्याळासारखं ते आपणहून तासाला वाजत नाही.

केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाच्या, कडेला, गोलाईवर, एखादी सरकती पट्टी आहे का पाहा. डायल समोर धरली तर ती बहुधा सहा ते नऊच्या बाजूला असते आणि वर सरकते. त्याहून जुन्या घड्याळात पट्टी नसते, साखळी अडकवायची दांडीच आत दाबायची असते. काहींत कडेला बटण असतं. खुंटीजवळची अगदी बारीक टाचणीसारखी कळ मात्र काटे लावायची असते, तिला टोल्यांची समजू नका.

दुसरी खूण आत असते. मशीनच्या कडेनं वळसा घेतलेल्या दोन पातळ पोलादी तारा दिसतात, एका टोकाला स्क्रूनं धरलेल्या, बाकी मोकळ्या. शेजारी दोन छोट्या हातोड्या. हे दिसलं तर तुमच्याकडे रिपीटर आहे. तारांऐवजी केसच्या पाठीत वाटीसारखी घंटा दिसली तर घड्याळ आणखी जुनं.

आता पट्टी ओढावी का? घड्याळ ओलं, गंजलेलं किंवा आत काही सुटं खुळखुळत असेल तर अजिबात नाही. तसं काही नसेल तर एकदा ओढून पाहायला हरकत नाही, पण नियम पाळा: पट्टी एका ओघात शेवटपर्यंत न्यायची, मग पूर्ण सोडायची. अर्ध्यात सोडू नका, मध्ये धरून ठेवू नका, टोले चालू असताना काटे फिरवू नका. अडकल्यासारखी वाटली तर तिथेच थांबा. जोर लावणं हेच रिपीटर मोडण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे.

एक गोष्ट फार लोकांना ठाऊक नसते. टोल्यांची ताकद घड्याळाच्या चावीतून येत नाही. पट्टी ओढताना तिची वेगळी छोटी स्प्रिंग भरते. त्यामुळे घड्याळ बंद पडलं असलं तरी टोले वाजू शकतात, आणि ते काटे जिथे थांबलेत तीच वेळ सांगतात. ऐंशी वर्षं बंद असलेलं घड्याळ हातात घ्यावं, पट्टी ओढावी आणि त्यानं आपण थांबलो ती वेळ अचूक मोजून सांगावी, हे ऐकताना अंगावर काटा येतो.

टोले मोजायला शिका

समजा काटे तीन चाळीसवर आहेत. आधी खालच्या स्वरात तीन टोले पडतात, हे तास. मग दोन स्वरांच्या जोडीचे ठोके, टिंग-टँग, टिंग-टँग, असे दोन वेळा: दोन पाव तास झाले. इथेच थांबलं तर ते पाव तासाचं रिपीटर. पुढे वरच्या स्वरात भराभर दहा टोले पडले, म्हणजे साडेतीनच्या पुढची दहा मिनिटं, तर तुमच्या हातात मिनिट रिपीटर आहे. ही सगळ्यात अवघड जात. मधल्या जातीही असतात: साडेसात मिनिटांपर्यंत सांगणारी आणि पाच मिनिटांपर्यंत सांगणारी.

मिनिट रिपीटरची खरी परीक्षा बारा एकोणसाठला होते. बारा तास, तीन जोड्या, चौदा मिनिटं. सगळे नीट, सारख्या अंतरानं पडले पाहिजेत. शेवटचे टोले रेंगाळले तर बहुधा तेल सुकलंय. मोजणी चुकली तर मात्र आत झीज आहे किंवा कुणीतरी काटे चुकीचे बसवलेत.

हे आत कसं घडतं? तासाच्या काट्याबरोबर एक बारा पायऱ्यांचं चाक फिरत असतं. पट्टी ओढली की एक दातेरी पट्टी त्या चाकाच्या पायरीवर जाऊन टेकते. एक वाजता पायरी उंच, म्हणून ती थोडीच सरकते. बारा वाजता सगळ्यात खोल, म्हणून सगळ्यात जास्त. परत येताना तिचा जो दात हातोडीला लागतो तो एक टोला. पावासाठी चार पायऱ्यांचं वेगळं चाक, आणि मिनिटांसाठी चार हातांचं, प्रत्येक हातावर चौदा पायऱ्या. हे सगळं डायलच्या खाली, दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा थोड्याच मोठ्या जागेत, आणि हातानं कानशी लावून बसवलेलं. मशीनच्या पाठीमागून पाहिलं तर यातलं काही दिसत नाही. म्हणून मागून पाहून "साधंच आहे" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

हे आलं कुठून

रात्री वेळ कळावी म्हणून. घासून पेटणाऱ्या काड्या १८२७ साली विकायला आल्या. त्याआधी मध्यरात्री किती वाजले पाहायचं तर गारगोटी, कापूस, दिवा असा सगळा खटाटोप होता. इंग्लंडमध्ये एडवर्ड बार्लो नावाच्या पाद्र्यानं १६७६ च्या सुमारास पायऱ्यांच्या चाकाची ही युक्ती मोठ्या घड्याळांसाठी काढली. खिशातल्या घड्याळासाठी त्यानं हक्क मागितला तेव्हा लंडनचा डॅनियल क्वेअर आपलं घड्याळ घेऊन उभा राहिला. १६८७ मध्ये वाद राजा दुसऱ्या जेम्सपुढे गेला. बार्लोच्या घड्याळाला तास आणि पाव तासासाठी दोन वेगळ्या कळा होत्या, क्वेअरच्या घड्याळात एकाच कळीनं दोन्ही वाजत. राजानं क्वेअरच्या बाजूनं कौल दिला. त्या वेळी आपल्याकडे संभाजी महाराज औरंगजेबाशी झुंजत होते.

पुढचं मोठं पाऊल पॅरिसच्या अब्राहम-लुई ब्रेगेचं. १७८० च्या दशकात त्यानं घंटेऐवजी वळवलेली तार बसवली. घंटेची जागा वाचली, घड्याळ पातळ झालं आणि आवाजही गोड झाला. आज ऐकू येणारे टोले त्याच तारेचे. नंतर या कामाचा मोठा भाग स्वित्झर्लंडला, विशेषतः व्हॅली द जू या डोंगराळ खोऱ्यात गेला. तिथे कच्ची मशिनं तयार व्हायची आणि जिनिव्हा, लंडन, पॅरिसच्या दुकानांची नावं घालून जगभर जायची. म्हणून डायलवर मुंबई-कलकत्त्याच्या दुकानाचं नाव दिसलं तर घड्याळ तिथे विकलं गेलं एवढंच समजायचं. बनवणारा निराळा असतो.

यावरून वयाचा ढोबळ अंदाज बांधता येतो. घंटा, आणि आत बारीक सायकल-चेनसारखी साखळी शंकूवर गुंडाळलेली असेल तर घड्याळ बहुधा अठराव्या शतकातलं किंवा एकोणिसाव्याच्या सुरुवातीचं. तारा आहेत पण चावीचं भोक आहे, तर एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध किंवा मध्य. खुंटीनं भरायची पद्धत आद्रियन फिलिपनं १८४० च्या दशकात आणली आणि ती रुळायला आणखी वर्षं गेली, त्यामुळे खुंटीचं रिपीटर दिसलं तर १८६० च्या पुढचं धरून चालायला हरकत नाही.

शिक्के वाचणं: इथे वेळ घालवा

सोन्याची शुद्धता आणि वय, दोन्ही शिक्क्यांत दडलेलं असतं. झाकणांच्या आतल्या बाजूला भिंगातून पाहा. उजेड तिरपा धरला की झिजलेला शिक्काही उठून दिसतो.

इंग्लिश केसवर मुकुट आणि १८ हा आकडा असेल तर ते १८ कॅरेट. १७९८ पूर्वी तिथे सोन्याला २२ कॅरेटचाच दर्जा मान्य होता. १५, १२ आणि ९ कॅरेट १८५४ पासून आले. शेजारी बिबट्याचं डोकं म्हणजे शिक्का लंडनचा, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅमचा, तलवार आणि गव्हाच्या पेंढ्या म्हणजे चेस्टरचा. त्याजवळचं एकटं अक्षर वर्ष सांगतं. लंडनमध्ये ही अक्षरं वीस-वीस वर्षांच्या फेऱ्यांनी येतात आणि प्रत्येक फेरीत अक्षराचं वळण आणि चौकटीचा आकार बदलतो. म्हणून अक्षर नुसतं वाचू नका, चौकटीसकट फोटो काढा आणि तक्त्याशी ताडून पाहा.

स्विस केसवर १८८० च्या कायद्यानंतर स्त्रीचं डोकं दिसलं तर १८ कॅरेट, खारुताई दिसली तर १४. फ्रान्समध्ये १८३८ पासून गरुडाचं डोकं म्हणजे १८ कॅरेट. अमेरिकन केसवर असे सरकारी शिक्के नसतात, केस बनवणाऱ्या कंपनीचा शब्द असतो. तिथे 'वीस वर्षांची हमी' असं इंग्रजीत लिहिलेलं दिसलं तर ते भरीव सोनं नव्हे, पितळेवर चढवलेला सोन्याचा पत्रा आहे. हमी त्या पत्र्याची.

आतल्या धूळ-झाकणावर सी, यू, आय, व्ही, आर, ई अशी अक्षरं असतील तर लक्षात घ्या: हा तांब्यासाठी फ्रेंच शब्द आहे. बाहेरची झाकणं सोन्याची असली तरी हे झाकण सोन्याचं नाही, असं बनवणाऱ्यानंच प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय.

सोन्याचा हिशेब एकदा कागदावर करा

आपल्या डोळ्यांना २२ कॅरेटची सवय. सगळं घड्याळ काट्यावर ठेवून आलेलं वजन सोनं समजणं ही नेहमीची चूक. मशीन पितळ आणि पोलाद, डायल तांब्यावर मिना, पुढे काच. सोनं फक्त केसचं. समजा केस ५० ग्रॅम भरली. १८ कॅरेट असेल तर त्यात शुद्ध सोनं साडेसदतीस ग्रॅम, १४ असेल तर सव्वाएकोणतीस, ९ कॅरेट असेल तर पावणेएकोणीस. त्यातून घट आणि मजुरी वजा. दुसऱ्या बाजूला चालू अवस्थेतल्या मिनिट रिपीटरला जाणकार ग्राहक याच्या कितीतरी पट देतात. मशीन एकदा केसबाहेर पडलं की ही किंमत गेलीच, कारण त्या केसच्या मापाची दुसरी केस मिळत नाही. १९८० साली जगभर सोन्याचे भाव भडकले तेव्हा अशा किती केस वितळल्या! त्यांची उघडी मशिनं आजही जुन्या बाजारात डब्यांतून पडलेली दिसतात.

सराफाकडे टंच काढायला न्यायचंच असेल तर कसोटीवर घासू देऊ नका. कडेचा चरा कायमचा राहतो. क्ष-किरणांच्या कॅरेट मशीनवर तपासा, त्यात ओरखडा उठत नाही. पण ते मशीन वरचा थरच वाचतं. सोन्याच्या पत्र्याच्या केसलाही ते १४ किंवा १८ दाखवू शकतं. शिक्का आणि मशीन दोन्ही जुळले तरच विश्वास ठेवा. तसंच, "हॉलमार्क नाही म्हणून कमी भाव," असं कुणी म्हटलं तर सांगा की सक्तीच्या हॉलमार्किंगमधून घड्याळांना सूट दिलेली आहे.

घरची गोष्ट तपासा, टाकून देऊ नका

"हे महाराजांनी दिलं," असं पुष्कळ घरांत सांगतात. खरंही असेल. सांगली, मिरज, औंध, फलटण, जत अशी संस्थानं इथे जवळजवळ होती आणि मानाची भेट म्हणून घड्याळ देण्याची रीत होती. पण गोष्ट आणि शिक्का एकमेकांशी बोलले पाहिजेत. शिक्क्याचं वर्ष १९०५ आणि ज्यांना भेट मिळाली ते पणजोबा १८९० ला गेलेले, तर व्यक्ती बदलली आहे, कदाचित त्यांच्या मुलाला मिळालं असेल.

एका परिचितांच्या घरातलं घड्याळ आम्ही असं शेजारी बसून पाहिलं. घरातली गोष्ट एवढीच होती की थोरल्या आजोबांचं आहे. मागच्या झाकणाच्या आत भिंगातून सुईनं ओरखडल्यासारखे बारीक आकडे दिसले, एकाखाली एक, तीन वेगवेगळ्या हातांचे. हे दुरुस्ती करणाऱ्यांचे आकडे. प्रत्येक कारागीर काम झालं की आपली खूण आणि तारीख अशी टिपून ठेवायचा. म्हणजे हे घड्याळ निदान तीनदा उघडून साफ झालं होतं, कुणीतरी ते रोज वापरत होतं. मग जुन्या फोटोंची पेटी काढली. १९३० च्या आसपासच्या एका लग्नाच्या फोटोत आजोबांच्या कोटावर साखळी दिसते, आणि त्या साखळीच्या टोकाला जी चौकोनी पदकासारखी लोंबकळ आहे तीच डबीत अजून होती. गोष्ट पुरी झाली.

तेव्हा हे शोधा: कोरलेलं नाव किंवा आद्याक्षरं, झाकणात घातलेला गोल छापील कागद, साखळी, चावी, डबी, डबीच्या झाकणातलं दुकानाचं नाव, जुने फोटो, दप्तरातली मोडी टिपणं. मोडी वाचणारे लोक अजून आहेत, कागद फेकू नका. मशीनवरचा आणि केसवरचा क्रमांक दोन्ही लिहून घ्या. काही जुन्या जिनिव्हा कंपन्या आजही क्रमांकावरून आपल्या वह्यांतली नोंद काढून देतात.

सांभाळ

खोबरेल तेल नाही, शिवणयंत्राचं तेल नाही. दोन्ही सुकून चिकट होतात आणि धूळ धरतात. चिंच, पीतांबरी, रिठा नाही. सोनाराकडे चकाकी आणू नका, कारण प्रत्येक पॉलिशमध्ये थोडं सोनं आणि थोडी कोरीव नक्षी जाते, आणि शिक्के पुसट होतात. सुती कापडानं पुसायचं, बास. मऊ कापडात गुंडाळून, शोषक पुडी घालून कोरड्या डब्यात ठेवा. रबर बँड लावू नका.

पुराची गोष्ट वेगळी सांगायला हवी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा तळमजल्यांवरच्या कपाटांत जे होतं ते गाळात गेलं. कृष्णाकाठी राहत असाल तर अशी वस्तू पावसाळ्याआधी वरच्या मजल्यावर किंवा लॉकरमध्ये हलवा. तरी घड्याळ भिजलंच तर चावी देऊ नका, पट्टी ओढू नका, उन्हात किंवा तांदळात ठेवू नका. झाकणं उघडून पाणी निथळू द्या आणि त्याच दिवशी कारागिराकडे न्या. पोलादाला गंज चढायला एक रात्र पुरते.

कारागीर निवडताना

सांगली-साताऱ्यात एचएमटीची चावीची घड्याळं उत्तम दुरुस्त करणारे जुने हात अजून आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तरी रिपीटर हे वेगळं काम आहे. सरळ विचारा: रिपीटर डायलखालून कधी उघडलाय का? खरा कारागीर "नाही, पुण्या-मुंबईला अमक्याकडे न्या," असं सांगतो, आणि अशा माणसावर पुढच्या प्रत्येक कामासाठी विश्वास ठेवावा. काम देण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, घडवावे लागतात, त्यामुळे खर्च आणि मुदत लेखी घ्या, बदललेले जुने भाग परत मागा, डायल पुन्हा रंगवू देऊ नका. तडा गेलेली मूळ डायल नव्या डायलपेक्षा मोलाची.

चावीचं घड्याळ चालू झालं तर चावी कोणत्या बाजूनं फिरवायची तेही विचारून घ्या. शंकू-साखळीच्या इंग्लिश घड्याळांत ती बहुधा उलट, डावीकडे फिरते. बाण कोरलेला असेल तर तो पाहा.

परदेशातल्या मुलाला द्यायचं असेल तर

शंभर किंवा त्याहून जास्त वर्षांची अशी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात बसते, आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. देशात ठेवायला, वारसाला द्यायला अडचण नाही. शिक्क्यावरून वय शंभराच्या आत निघत असेल तर विमानतळावर वाद नको म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला आधीच घ्या. त्या वेळी शिक्क्याचे फोटो, क्रमांक आणि घरची टिपणं कामी येतात.